एकट्या ई.टी.ने अटारी बुडवली नाही

ई.टी. नावाचा भंगार व्हिडिओ गेम आला, तो काढणारी अमेरिकन गेम कंपनी अटारी बुडाली आणि लाखो गेमच्या कॅसेटी वाळवंटात पुरल्या, ही स्टोरी वर्षानुवर्षं फिरतेय. पुरल्या हे खरंय, १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोत आलमोगोर्डोच्या कचरा डेपोत, पण २०१४ ला खोदलं तेव्हा त्यात ई.टी. थोड्याच निघाल्या, सेंटिपीड, मिसाइल कमांडसारखे चांगले चाललेले गेमपण होते, म्हणजे पडून राहिलेला सगळाच माल टाकला होता.

खरं दुखणं धंद्यात होतं. अटारीची खरी कमाई टीव्हीला जोडायच्या गेम मशीनपेक्षा कॅसेटींवर, पण गेम बनवणाऱ्यांना ना नाव ना रॉयल्टी, म्हणून १९७९ ला त्यांचेच चार प्रोग्रामर बाहेर पडले, अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी निघाली आणि त्याच मशीनसाठी गेम विकायला लागली. अटारीने केस केली, शेवटी तडजोड झाली, मग काय, जो तो उठून कॅसेटी काढायला लागला आणि दुकानं तुंबली. १९८३ ला मालक कंपनी वॉर्नरला अटारीपायी ५० कोटी डॉलरच्या वर फटका बसला, तो काय एका गेममुळे?

आणि ई.टी. करणाऱ्या हॉवर्ड वॉर्शॉला वेळ दिला होता जेमतेम पाच आठवडे! यार्स रिव्हेंज हा गेमपण त्याचाच, तो खेळून बघा आणि मग सांगा खापर कुणावर फोडायचं.