केमिकल कोणतं, यापेक्षा पाणी किती?

मे महिना लागला की वाशी, नेरुळ, कोपरखैरण्याच्या जुन्या इमारतींना परांच्या बांधल्या जातात. सोसायटीच्या सभेत वाद रंगतो तो प्लास्टरच्या मालात कुठलं केमिकल घालायचं यावर. पाणी किती घालायचं हे कुणीच विचारत नाही, ते गवंड्याच्या अंदाजावर सोडलेलं असतं. माझ्या मते भांडायला हवं ते पाण्यावरून.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट हा जेलसारखा पदार्थ तयार होतो आणि तोच रेतीचे कण धरून ठेवतो. 50 किलोच्या गोणीला या क्रियेसाठी साधारण 12 लिटर पाणी लागतं. आणखी आठ-दहा लिटर जेलच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून राहतं. त्यावरचं सगळं पाणी केवळ माल थापीवरून सहज सुटावा म्हणून. ते उडून जातं, त्याची जागा मात्र पोकळ राहते.

पोकळ्या सुट्या असतील तर फारसं बिघडत नाही. एकमेकींना जोडल्या गेल्या की पाण्याला वाट मिळते. अमेरिकेत सिमेंटचे संशोधक टी. सी. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये या वाटा बंद व्हायला लागणारा वेळ मांडला. साध्या सिमेंटच्या, सतत ओल्या ठेवलेल्या लगद्यात गोणीला 20 लिटर पाणी असेल तर सुमारे तीन दिवस. 30 लिटर असेल तर सहा महिने. 35 लिटरच्या वर गेलात तर कधीच नाही! प्लास्टरच्या मालात हा आकडा सहज ओलांडला जातो. त्यात हल्लीच्या दगडाच्या चुऱ्याच्या रेतीत भुकटी जास्त असली की ती आणखी पाणी मागते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेतले क्लोराइड, म्हणजे मिठाचे अंश, याच वाटांनी आतल्या काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचतात. सळई गंजून फुगते आणि पोपडा सुटतो.

आता केमिकलकडे. सुपरप्लास्टिसायझर सिमेंटच्या कणांचे गठ्ठे सोडवतो, त्यामुळे कमी पाण्यातही माल मऊ राहतो. तो घालून पाणी तेवढंच ठेवलं तर पैसे फुकट गेले. वॉटरप्रूफिंगच्या पुष्कळशा पावडरींत स्टिअरेट, म्हणजे साबणाच्या जातीचे पदार्थ, असतात. ते छिद्रांच्या भिंती मेणचट करतात, छिद्रं बुजवत नाहीत. पावसाचे शिंतोडे परतवतील. टाकीतल्या पाण्याच्या दाबापुढे त्यांचं काही चालत नाही.

वीजकेंद्रांची राख ही याहून रंजक गोष्ट. सिमेंट मुरताना जेलसोबत चुन्याचे स्फटिकही तयार होतात. ते ताकदीला फारसे कामाचे नसतात आणि रेतीच्या कणांभोवतीच्या, मुळातच सच्छिद्र असलेल्या पातळ थरात गोळा होतात. राखेतली सिलिका हा चुना खाऊन नवं जेल बनवते आणि नेमकी तीच कमजोर जागा भरत जाते. दुकानात मिळणाऱ्या पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना) सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख असतेच, वेगळी घालावी लागत नाही. पण ही क्रिया आठवडे-महिने चालते आणि तिला ओल हवी. भारतीय मानक 456 काँक्रीटबाबत म्हणूनच साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखेच्या सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारायला सांगतं. चार दिवस पाइप फिरवून थांबलात तर राख नुसती भर म्हणून आत राहते.

दुधासारख्या दिसणाऱ्या एसबीआर लेटेक्सचा, म्हणजे मालात घालायच्या कृत्रिम रबराच्या द्रवाचा, स्वभाव नेमका उलटा. त्यातले पॉलिमरचे कण पाण्यात तरंगत असतात. पाणी कमी झालं की ते एकमेकांना चिकटून छिद्रांत आणि बारीक भेगांत लवचीक पडदा धरतात. म्हणून या मालाला एक-दोन दिवस ओलं ठेवून मग सुकू द्यायचं. आठवडाभर पाणी मारत राहिलात तर पडदा नीट धरत नाही. मग पीपीसी आणि लेटेक्स एकाच घमेल्यात असतील तर काय? तिथेही एक-दोन दिवसांचाच नियम. पडदा धरला की आतली ओल तो सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही आणि तेवढ्यावर राखेचं काम आत सुरू राहतं.