दुहेरी मोल्डिंग

दुहेरी मोल्डिंग : कडक प्लॅस्टिकच्या भागावर दुसऱ्या, बहुधा मऊ प्लॅस्टिकचा थर साच्यातच चढवण्याची पद्धत. कारखान्यात तिला ओव्हरमोल्डिंग म्हणतात. टूथब्रशची मूठ, स्क्रूड्रायव्हरचा दांडा ही घरातली उदाहरणे. बेळगावची उद्यमबाग मुळात ओतकाम आणि यंत्रकामाची. तिथल्या कारागिराला साचा, गेट (माल साच्याच्या पोकळीत शिरण्याचे तोंड), रनर (तिथवर माल नेणारी वाट) शिकवावे लागत नाहीत. पण दोन प्लॅस्टिके एकमेकांना धरतील का, हे आधी दाण्यावर, म्हणजे कच्च्या प्लॅस्टिकच्या जातीवर ठरते; साच्याचा नंबर त्यानंतर.

पीपीवर (पॉलिप्रॉपिलीन) एसईबीएस (स्टायरीनयुक्त रबरी पदार्थ) जातीचा टीपीई, म्हणजे रबरासारखे मऊ प्लॅस्टिक, पक्का बसतो. तोच एबीएस या कडक प्लॅस्टिकवर चढवला तर थर नखाने सोलून निघतो. तिथे टीपीयू (पॉलियुरेथेनचे मऊ प्लॅस्टिक) किंवा एबीएससाठी मुद्दाम बनवलेला टीपीई लागतो. नायलॉनला टीपीईचा वेगळा ग्रेड (प्रत). ॲसिटल हे कडक प्लॅस्टिक सहसा कशालाच धरत नाही, म्हणून त्यात आरपार भोके ठेवून मऊ माल अडकवतात.

दोन बॅरलच्या (प्लॅस्टिक वितळवणाऱ्या नळ्यांच्या) मशीनमध्ये साच्याचा अर्धा भाग 180 अंशांत फिरतो आणि पहिला शॉट (साच्यात भरलेला माल) गरम असतानाच दुसरा बसतो. माल थोडा असेल तर दोन वेगळे साचे परवडतात. कडक भाग हाताने दुसऱ्या साच्यात ठेवायचा. यात भाग थंड होतो, तेलकट बोटे लागतात. पहिल्या साच्यावर भाग सहज सुटावा म्हणून सिलिकॉनचा स्प्रे मारला असेल तर पकड गेलीच म्हणून समजावे.

दुसरा साचा ड्रॉइंगवरून कापणे ही महागात पडणारी चूक. एबीएस 0.4 ते 0.7 टक्के आकसतो, म्हणजे 100 मिमी लांबीला सुमारे अर्धा मिमी. आकसलेला भाग मोजूनच साचा कापावा. भाग सैल बसला तर कडेने फ्लॅश (फटीतून बाहेर आलेला पातळ पापुद्रा) येते, घट्ट बसला तर साचा मिटताना चेपतो. मऊ थर किमान 1.5 मिमी ठेवावा. त्याची कड निमुळती न करता कडक भागातल्या पायरीला भिडवावी. पातळ कड तिथूनच उचलते.

बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळ्यात दाणा ओल धरतो. एबीएस 80 अंश सेल्सिअसला 2 ते 4 तास, पॉलिकार्बोनेट 120 अंशांना 3 ते 4 तास सुकवावा. सुकवलेला दाणा उघड्या हॉपरमध्ये (मशीनवरच्या दाण्याच्या नरसाळ्यात) पडून राहिला की पुन्हा ओल धरतो आणि भागावर चंदेरी रेघा दिसू लागतात.

पकड एक दिवसाने तपासतात. मऊ थराची पट्टी कापून 90 अंशांत ओढायची. पट्टी स्वतःच फाटून तिचे तुकडे कडक भागावर राहिले तर जोड पक्का. खालचा पृष्ठभाग गुळगुळीत, स्वच्छ निघाला तर आधी दोन्ही ग्रेडची जोडी पडताळावी, मग दुसऱ्या शॉटचे तापमान, मग भागावरचा तेलकटपणा.