पाण्याचा हिशेब आणि मीटरमधली हवा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पाण्याची वेळ झाली की पाणी यायच्या आधीच मीटर फिरू लागतं. रिकाम्या लाइनमधली हवा पुढे ढकलली जाते, काटा गरगरतो आणि मग कुठे टाकीत धार पडते.

शहराच्या पाण्याचा हिशेब निघाला की ऐकू येणारा माणशी रोज १३५ लिटर हा आकडा मुळात अभियंत्यांचा. पाइप केवढा टाकायचा, टाकी केवढी बांधायची, यासाठी तो धरत. तेवढं पाणी घरी पोचलं का, हा प्रश्न त्यात नव्हता. इंग्लंड-वेल्समध्ये १९८९ साली खासगीकरणाबरोबर नियामक आला आणि पाणी कंपन्यांची एकमेकींशी तुलना सुरू झाली. २००० साली इंटरनॅशनल वॉटर असोसिएशनने गळती, चोरी आणि मीटरची चूक एकाच ताळेबंदात मांडली.

आपल्याकडे केंद्रीय नगरविकास मंत्रालयाचे सेवा मापदंड २००८ चे. २८ निर्देशांक, त्यातले ९ पाणीपुरवठ्याचे: चोवीस तास पाणी, १०० टक्के मीटर, ज्याचा पैसा येत नाही असं पाणी २० टक्क्यांच्या आत, वसुली ९० टक्के वगैरे. त्या पुस्तिकेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र आकड्याशेजारचं अक्षर. ‘ए’ ते ‘डी’ अशी श्रेणी देऊन आकडा मोजलेला आहे की अंदाजे ठोकलेला, हे सांगायचं होतं. बातमीत आकडा येतो, अक्षर येत नाही.

तेराव्या वित्त आयोगाने (२०१०-१५) या मापदंडांना पैसा जोडला. कामगिरी अनुदान हवं तर पुढच्या वर्षाची उद्दिष्टं ३१ मार्चपर्यंत जाहीर करा, ही एक अट. जाहीर करा, गाठा असं नव्हे.

पण गळतीची टक्केवारी काढायला आधी आवक, म्हणजे शहरात किती पाणी येतं ते, नीट कळायला हवी. ठाण्याचं पाणी चार वाटांनी येतं: महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. नवी मुंबईने २००२ मध्ये मोरबे धरणच विकत घेतलं, तेव्हा तिथल्या आवकेचा मोठा भाग घरचाच.

हिशेबाचं दुसरं टोक म्हणजे आमच्या टाकीशेजारच्या झाकणाखालचा मीटर. खंडित पुरवठ्यात हवेने फिरलेले आकडे ग्राहकाच्या बिलात चढतात आणि ताळेबंदात विकलेलं पाणी म्हणून जमा होतात. कागदावर तेवढी गळती कमी. पुरवठ्याचे तासही व्हॉल्व्ह उघडल्यापासून मोजायचे की टाकीत धार पडल्यापासून, यावर बदलतात.