भिंत कुणासाठी पाडायची? चर्चच्या विस्तारामागची पार्श्वभूमी

चर्चची इमारत वाढवायचा विषय बैठकीत निघाला की दोन बाजू हमखास पडतात. एक बाजू म्हणते, दर रविवारी माणसे दाराबाहेर उभी राहून उपासना ऐकतात, मुलांच्या वर्गाला खोली नाही, आता बांधकाम काढायलाच हवे. दुसरी विचारते, एवढा पैसा विटांत घालण्यापेक्षा गरजूंना का देऊ नये? दोघेही विश्वासानेच बोलत असतात, म्हणून त्यांच्यातला वाद मला कधी क्षुल्लक वाटला नाही. हा वाद नवाही नाही. चर्चला इमारती मिळाल्या तेव्हापासून तो सोबत आहे.

सुरुवातीला तर इमारत नव्हतीच. नव्या करारातल्या ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ बोलावून जमवलेले लोक. मराठी बायबलने त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द घेतला आणि मूळ अर्थ अगदी नेमका पकडला. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पौल सलाम पाठवतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांनाच जिवंत धोंडे म्हटले आहे. त्यांच्यातून देवाचे घर रचले जाते. मग धोंडे माणसांचे असतील तर दगडविटांची गरज कधी पडली?

याचे सर्वांत जुने उत्तर आजच्या सीरियात, युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस या गावात सापडले. तिथे इ.स. २४०च्या सुमारास ख्रिस्ती लोकांनी एक साधे राहते घर उपासनेसाठी बदलून घेतले. दोन खोल्यांमधली भिंत पाडली आणि सुमारे १३ मीटर लांब, ५ मीटर रुंद अशी एक सभागृहासारखी खोली केली. शेजारच्या खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधले, तिच्या भिंतींवर उत्तम मेंढपाळाचे चित्र काढले. पुढे शत्रूच्या वेढ्याच्या वेळी तटबंदी भक्कम करण्यासाठी तटालगतच्या घरांत माती भरली गेली. २५६च्या सुमारास गाव पडले, पण त्या मातीखाली हे घर टिकून राहिले. विसाव्या शतकात उत्खननात ते उघडे झाले. आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या चर्चमध्ये पहिले मोठे काम झाले ते भिंत पाडण्याचे, जास्त माणसे एकत्र बसावीत म्हणून. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात, आजच्या तुर्कस्तानातल्या निकोमेडिया शहरातले चर्च जमीनदोस्त झाले. दहाच वर्षांत चित्र पालटले. ३१३ नंतर ख्रिस्ती लोकांना उघडपणे बांधता येऊ लागले. तेव्हा त्यांनी रोमन देवळाचा नमुना उचलला नाही, बॅसिलिकाचा उचलला. रोमन देवळात आत देवाची मूर्ती असे, यज्ञाची वेदी बाहेर, आणि लोकही बाहेरच. बॅसिलिका म्हणजे न्यायनिवाड्याची, व्यवहाराची लोकांनी भरणारी लांब दालने. ख्रिस्ती उपासनेला सगळी मंडळी आत हवी होती. वचन ऐकायला आणि प्रभूच्या मेजाभोवती यायला. मोठ्या चर्चचे मूळ थाटामाटात शोधण्याआधी या गरजेत शोधले पाहिजे.

थाट मात्र आला, आणि आक्षेपही लगेच आला. चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्तोम या नामांकित उपदेशकाने श्रोत्यांना खडसावले: ख्रिस्त उपाशी असताना त्याचे मेज सोन्याच्या पेल्यांनी भरून काय उपयोग? मिलानचा बिशप अँब्रोज याने युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी चर्चची पवित्र पात्रे वितळवली आणि त्या कृतीचे जाहीर समर्थन केले.

बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसचा मठाधिपती सुजेर याने जुने चर्च वाढवायला घेतले. त्याने लिहून ठेवलेले कारण वाचले की गर्दीच डोळ्यांसमोर येते: सणाच्या दिवशी इतकी चेंगराचेंगरी होई की बायकांना जणू पुरुषांच्या डोक्यांवरून चालत वेदीपाशी जावे लागे. ११४० मध्ये पश्चिमेचा दर्शनी भाग आणि ११४४ मध्ये वेदीचा नवा भाग समर्पित झाला. उंच, टोकदार कमानींच्या गॉथिक बांधकामशैलीची सुरुवात इथूनच मानतात. सुजेरला रंगीत काचांतून येणाऱ्या प्रकाशाचीही ओढ होती, ती त्याने लपवली नाही. त्याच काळात क्लेअरव्हो मठाचा मठाधिपती बर्नार्ड लिहीत होता की चर्च भिंतींनी झळकते आणि गरिबांपाशी उणे पडते, दगडांना सोने चढवते आणि लेकरांना उघडे ठेवते. मला दोघांचेही पटते. सुजेरची गर्दी खरी होती, बर्नार्डची उघडी लेकरेही खरी होती.

पैसा कसा उभा करायचा, हा प्रश्न सर्वांत महाग पडला तो रोममध्ये. सेंट पीटरच्या नव्या बॅसिलिकेचे काम १५०६ मध्ये सुरू झाले आणि समर्पणविधी थेट १६२६ मध्ये झाला. तिच्यासाठी पापदंडाच्या माफीपत्रांची विक्री झाली. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या ९५ मुद्द्यांत विचारले, इतका श्रीमंत पोप गरीब विश्वासणाऱ्यांच्या पैशाऐवजी स्वतःच्या पैशाने ही इमारत का बांधत नाही? एका बांधकामाच्या निधीने पश्चिमेकडचे चर्च दुभंगायला निमित्त दिले.

याच्या अगदी उलट चित्र निर्गम पुस्तकात आहे. अरण्यात निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभारताना ज्यांचे मन झाले त्यांनीच आणावे, असे मोशेने सांगितले. लोकांनी इतके आणले की कामाला लागते त्यापेक्षा जास्त सामान झाल्याची तक्रार घेऊन कारागीर आले, आणि आता कोणी काही आणू नये अशी छावणीत दवंडी द्यावी लागली. बांधकामाच्या निधीसाठी पाळक हा भाग आजही वाचतात. माझी एवढीच विनंती की थांबण्याची दवंडीही वाचावी. ती बहुधा गाळली जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये कारखान्यांची शहरे फुगली आणि तिथल्या चर्चमधल्या जागा अपुऱ्या पडल्या. होत्या त्या जागांतही अनेक बाके भाडे भरणाऱ्या कुटुंबांची असत. गरिबाला मागे किंवा कडेला उभे राहावे लागे. १८१८ मध्ये संसदेने नव्या चर्चसाठी १० लाख पौंड मंजूर केले. त्याच वर्षी देणग्यांवर चालणारी चर्च बिल्डिंग सोसायटीही स्थापन झाली. ती नव्या बांधकामाला आणि जुन्याच्या विस्ताराला अनुदान देई, पण बसायच्या काही जागा मोफत ठेवण्याच्या अटीवर. अनुदान मिळालेल्या चर्चमध्ये तसा फलक लावला जाई. इंग्लंडमधल्या कित्येक जुन्या चर्चमध्ये तो अजून दिसतो. त्यावर विस्ताराने किती जागा वाढल्या तो आकडा असतो, आणि त्यातल्या किती कायमच्या मोफत, तोही.