माइ, माइ म्हणजे नको, नको

आमच्या आईला वाड्यावर सगळे माई म्हणतात. त्यामुळे गेल्या जूनमध्ये बहीण आणि भावोजी थायलंडहून दत्तक घेतलेल्या त्यांच्या मुलीला, आमच्या बायला, घेऊन फोंड्याजवळच्या घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी त्या बावीस महिन्यांच्या पोरीने पेजेचा चमचा समोर आल्याबरोबर आईकडे बघून ‘माइ, माइ’ केलं, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेजारणीला सांगून झालं, मडगावच्या मावशीला फोन झाला, बघ गो, एका दिवसात ओळखलं मला. आणि त्या आनंदात आणखी एक चमचा. पोर आणखी जोरात माइ माइ, आई आणखी खूश, आणखी एक चमचा. शेवटी भावोजी बाजारातून आले, ते चार वर्षं बँकॉकच्या एका हॉटेलात कामाला होते, पिशवी खाली ठेवता ठेवताच हसायला लागले. ‘माई, हाक नाही मारत ती तुम्हाला, नको नको म्हणतेय!’

थाई भाषेत ‘माइ’ म्हणजे नाही, नको. पण सूर वरून खाली पडला तरच. तोच आवाज खालून वर नेला की ते वाक्याच्या शेवटचं ‘का?’ होतं. थाईत असे पाच सूर आहेत आणि सूर बदलला की शब्दच बदलतो, म्हणजे ‘मा’ सपाट म्हटलं तर ‘ये’, चढत नेलं तर कुत्रा, उंच धरलं तर घोडा. आपणही सूर वापरतो, ‘आलास?’ आणि ‘आलास!’ मध्ये फरक आहेच, पण शब्द तोच राहतो. म्हणून आपला कान सुरातून राग-लोभ ओळखतो, त्यात शब्द शोधत नाही. बायचा कान शोधत होता. ती दिवसभर हात वर करून ‘उम्, उम्’ करायची आणि आम्ही तिला केळं द्यायचो, कारण आम्हाला वाटायचं भूक लागली. ‘उम्’ म्हणजे उचलून घे.

दत्तक मूल लहान असलं की लोक हमखास म्हणतात, बरं झालं, कोरी पाटी आहे, आपण लिहू ते. पाटी कोरी नसतेच हो. २००९ मध्ये जर्मनीत काही संशोधकांनी ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांचं रडणं रेकॉर्ड करून तपासलं, बाळं अवघी दोन ते पाच दिवसांची. फ्रेंच बाळांचं रडणं बहुतेक चढत जायचं, जर्मन बाळांचं उतरत. आईच्या बोलण्याची चाल पोटातच कानावर पडलेली असते, शब्द नाही पोचत पण चाल पोचते. आणि वर्षभरात कान आपली निवड करून मोकळा होतो. यातला गाजलेला प्रयोग तर आपल्याच अक्षरांवरचा आहे. १९८४ मध्ये कॅनडात वर्कर आणि टीस यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले, सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला, दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेना. थाईतही आपल्यासारखा ट नाही. आणि ग नाही. गेल्या चतुर्थीला आमच्या बायने मखरासमोर हात जोडून ‘कनपती’ म्हटलं ते त्यामुळे की सगळीच पोरं त्या वयात बोबडी बोलतात त्यामुळे हे मी छातीठोक सांगणार नाही, पण मला मजा वाटली.

आता प्रश्न असा की ही पहिली भाषा जाते कुठे? कारण जाते हे नक्की, ऑगस्ट संपेपर्यंत बायचं उम् बंद झालं, माइच्या जागी अस्सल कोंकणी ‘नाका’ आलं, तेही ओठ पुढे काढून, हुबेहूब आईसारखं. २००३ मध्ये पॅरिसमधल्या पालिए वगैरे शास्त्रज्ञांनी आठ तरुण माणसं घेतली, कोरियात जन्मलेली आणि तीन ते आठ वर्षांची असताना फ्रेंच घरात दत्तक गेलेली. आठ वर्षांचं मूल म्हणजे घडाघडा बोलणारं, भांडणारं मूल. त्यांना वेगवेगळ्या भाषांतली वाक्यं ऐकवली तर कोरियन कोणती हे त्यांना साध्या फ्रेंच माणसांपेक्षा जास्त काही ओळखता आलं नाही, स्कॅनमध्येही मेंदूने वेगळी दखल घेतलेली दिसली नाही. सगळ्यांना वाटलं, संपलं, पाटी पुसली गेली.

तर नाही. २०१४ मध्ये माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या लोकांनी वाक्यं ऐकवणं सोडून नुसते सूर ऐकवले. ९ ते १७ वर्षांच्या ४८ मुली होत्या. काही जन्मापासून फ्रेंचच बोलणाऱ्या, काही चिनी-फ्रेंच दोन्ही बोलणाऱ्या, आणि काही चीनमधून साधारण वर्षाच्या असताना दत्तक आलेल्या, ज्यांना चिनीचा एक शब्द येत नव्हता. चिनीही थाईसारखीच सुरांची भाषा. अर्थ नसलेले शब्द चिनी सुरांत ऐकवले तर नुसतं फ्रेंच येणाऱ्या मुलींच्या मेंदूचा उजवा भाग जागा झाला, म्हणजे गाणं किंवा नुसता आवाज ऐकावा तसं. दत्तक मुलींमध्ये मात्र डाव्या बाजूचा भाषेचा भाग जागा झाला, चिनी बोलणाऱ्यांसारखाच. बारा-बारा वर्षं ती भाषा कानावर नाही, आणि तरी. पुढे २०१७ मध्ये नेदरलँड्समध्ये कोरियातून दत्तक आलेल्या मोठ्या माणसांना कोरियन व्यंजनं शिकवून पाहिली, सुरुवातीला ती डच माणसांइतकीच अडखळत होती, पण दोनेक आठवड्यांच्या सरावानंतर त्यांचे उच्चार पुढे गेले. जी पाच-सहा महिन्यांचीही नसताना आली होती तीसुद्धा. बोलायला सुरुवातही न केलेलं बाळ आणि कानात असं काही साठवून बसलेलं! विहिरीचं पाणी आटतं पण झरा बुजत नाही, असं आमचे आजोबा म्हणायचे, ते आंब्याच्या मुळाजवळच्या विहिरीबद्दल, पण चालेल इथे.

नवीन भाषेचं म्हणाल तर हार्वर्डच्या स्नेडेकर आणि मंडळींनी चीनमधून अमेरिकेत दत्तक आलेली अडीच ते साडेपाच वर्षांची मुलं अभ्यासली. एक जुना वाद होता, बाळं आधी एकेक शब्द बोलतात, तेही बहुतेक नावं, क्रियापदं नंतर, हे मेंदू कच्चा असतो म्हणून की भाषा शिकायची वाटच तशी म्हणून? ही मुलं तर वयाने मोठी. तरी त्यांनी त्याच पायऱ्या चढल्या, आधी नावं, मग क्रियापदं, मग व्याकरण, फक्त भराभर. म्हणजे वाटच तशी. बायचंही तेच झालं. पाव, माव (मांजर, म्हणजे आपलं म्यांव), बॉल, मग एकदम एका सकाळी पोदेराचा (म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा) भोंपू ऐकून ‘पाव आयलो!’

भाषेचं मजेचं होतं, कठीण होतं ते वेगळंच. बाय कोणाकडेही जायची. कोणाहीकडे, पोस्टमनकडेसुद्धा. वाड्यावर कौतुक, किती गुणी गो, अजिबात रडत नाही. बहीण मात्र काळजीत, आणि तिचं बरोबर होतं. या वयाचं मूल अनोळखी माणसाला बघून आईच्या पदरामागे लपतं ते शहाणपण असतं. ज्या मुलाला बालगृहात पाळीपाळीने बदलणाऱ्या ताया सांभाळतात त्याच्यासाठी सगळे हात सारखे. २०१३ मध्ये निम टॉटनहॅम यांच्या गटाने असं दाखवलं की आधी संस्थेत वाढलेल्या मुलांचा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीती-ओळखीचा बदामाएवढा भाग, आईचा फोटो आणि परक्या बाईचा फोटो यांत घरी वाढलेल्या मुलांएवढा फरक करत नाही. म्हणून दत्तक मुलांचे जाणकार सांगतात, सुरुवातीचे काही महिने भरवणं, उचलणं, झोपवणं फक्त आईबाबांनी. आता हे गोव्यातल्या वाड्याला कसं सांगणार? चतुर्थीला पन्नास माणसं घरात, प्रत्येकाला पोर कडेवर हवी, आणि बहीण नेवऱ्यांचं ताट बाजूला ठेवून प्रत्येकाला हसून नाही म्हणतेय. दोघी-तिघी रागावून गेल्या. एकीने तर ‘परदेशातलं मूल म्हणजे काय सोन्याचं?’ असं अंगणातून जाता जाता म्हटलंच.

त्यात बहिणीने रात्री बसून बुखारेस्टच्या अभ्यासाबद्दल वाचलेलं. रुमानियात २००० सालापासून १३६ मुलांवर चाललेला अभ्यास, संस्थेतून दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांची माणसांशी नाळ जास्त चांगली जुळली असं त्यात दिसतं. आमची बावीस महिन्यांची! म्हणजे दोनच महिने राहिले असं धरून ती रडायला लागली. अगो, ही काय कदंबाची शेवटची बस आहे, सुटली की सुटली? ती सरासरी आहे. आणि तिथल्या संस्थांची हालत फार वाईट होती, प्रत्येक बालगृह तसं नसतं.

बायबरोबर एक चादर आली होती, निळी, मळकी, बालगृहातली. धुवू नका असं तिथल्या बायकांनी बजावलं होतं. बाकी इंद्रियांचे निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून जातात, वासाचा निरोप मात्र थेट अमिग्डालाकडे पोचतो, त्यामुळे वास एवढा धरून ठेवतो माणसाला. पण गोव्यातला जुलै, भिंतीला पाणी, कपाटात बुरशी, चादरीला असा काही कुबट वास सुटला की शेवटी आईने कोणाला न विचारता ती मशीनमध्ये टाकली. पुढच्या दोन रात्री घरात कोण झोपलं नाही. आईने माफी मागितली, पोरीची, खरंच, हात जोडून. तिसऱ्या रात्री बाय चादर घेऊन उठली आणि पोस्टमनकडे जावं तशी कोणाहीकडे न जाता अंधारात चाचपडत बहिणीच्याच खाटेकडे गेली. बहिणीने सकाळी ते तीनदा सांगितलं.

आता भावोजींनी त्या बालगृहातल्या एका ताईचं थाई अंगाईगीत फोनवर रेकॉर्ड करून आणलंय, ते रोज लावतात. मी त्यांना सांगितलं की नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवरचा एक प्रयोग आहे, समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळांनी चिनी आवाज उचलले, टीव्हीवरून तेच ऐकून काही नाही, तेव्हा फोनने भाषा टिकेल ही आशा नको. ते म्हणाले, टिकायला नाही, असू दे. परवा जेवताना पुन्हा लावलं. बायने मान वाकडी करून थोडं ऐकलं, पेजेचा चमचा फोनकडे रोखला आणि म्हणाली, ‘नाका. माव लाव.’ म्हणजे मांजरीचं कार्टून.