खाल्ले, खायचो, खाऊन राहिलो होतो: स्पॅनिश भूतकाळाची पार्श्वभूमी

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या छोट्या स्पॅनिश वर्गात एकाने गृहपाठात लिहिलं, ‘आयेर कोमिया पोहे.’ त्याला म्हणायचं होतं, काल मी पोहे खाल्ले. मी ‘कोमिया’ खोडून ‘कोमी’ केलं, तर तो म्हणाला, ‘‘दोन्हीचं एकच तर होते ना मॅडम!’’

इंग्रजीतून शिकलं की एकच होतं. मराठीतून पाहिलं तर नाही. ‘कोमी’ म्हणजे खाल्ले, विषय संपला. ‘कोमिया’ म्हणजे रोज खायचो, किंवा त्या वेळी खात होतो, किंवा इथल्या बर्डीवरच्या भाषेत खाऊन राहिलो होतो. उठणं, न्याहारी, कामावर जाणं अशी रोजची कामं भूतकाळात सांगताना ही निवड वाक्यागणिक करावी लागते.

ही जोडी स्पॅनिशने लॅटिनकडून जवळजवळ जशीच्या तशी घेतली. लॅटिनचं ‘कांतावी’ (गायलो) झिजून ‘कांते’ झालं आणि ‘कांताबाम’ (गायचो) ‘कांताबा’ झालं. काही क्रियापदांत मधला ‘ब’ टिकला, काहींत गळाला. म्हणून एकीकडे ‘कांताबा’ आणि दुसरीकडे ‘कोमिया’. या दुसऱ्या काळात अनियमित क्रियापदं तीनच: असणं, जाणं आणि पाहणं. त्यातलं ‘ईबा’ (जायचो) हे लॅटिनच्या ‘ईबाम’चा फक्त ‘म’ गळून उरलेलं रूप. गंमत पहिल्या काळात आहे. तिथे ‘जाणं’ने आपली जुनी रूपं टाकून ‘असणं’ची उसनी घेतली, म्हणून ‘फुए’ म्हणजे ‘तो गेला’ही आणि ‘तो होता’ही. मुलं यावर वैतागतात, आणि मला त्यांची बाजू पटते.

तिसरा पाहुणा नंतर आला. ‘माझ्याकडे पत्र लिहिलेलं आहे’ अशा धाटणीची रचना बोली लॅटिनमध्ये रुळली आणि तिच्यातून ‘ए एस्क्रीतो’ म्हणजे ‘लिहिलं आहे’ हा काळ घडला. सुरुवातीला त्यातलं धातुसाधित (‘लिहिलेलं’ हे रूप) कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलायचं, आपण पत्र लिहिलं आणि चिठ्ठी लिहिली म्हणतो तसंच. पुढे स्पॅनिशमध्ये ते ‘एस्क्रीतो’वरच गोठलं, मराठी अजून कर्माची मर्जी राखते. जुन्या कास्तिलियनमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, ‘आला आहे’साठी ‘असणं’चं क्रियापदही चालायचं, तेही मागे पडलं.

आज माद्रिदमध्ये सकाळच्या न्याहारीबद्दल दुपारी सांगताना ‘ए देसायुनादो’ (न्याहारी केली आहे) म्हणतील. मेक्सिकोत किंवा ब्वेनोस आयरेसमध्ये सरळ ‘देसायुने’ (केली). पुस्तक स्पेनचं आणि यूट्यूबवरचा शिक्षक मेक्सिकोचा असला की इथल्या विद्यार्थ्याला वाटतं, कोणीतरी चुकतंय.

या काळांच्या नावांचा घोळ निराळाच. व्याकरणकार आंतोनियो दे नेब्रिहाने 1492मध्ये स्पेनमधल्या सालामांकात कास्तिलियनचं व्याकरण छापलं. 1713मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीचं पहिलं व्याकरण आलं 1771मध्ये. ‘कोमी’च्या काळाला बरीच क्रमिक पुस्तकं अजूनही ‘इंदेफिनीदो’, म्हणजे अनिश्चित, म्हणतात. ठाम उरकलेल्या कामाला यापेक्षा चुकीचं नाव सापडणं कठीण. काराकासमध्ये जन्मलेल्या व्याकरणकार आंद्रेस बेयोने 1847च्या आपल्या व्याकरणात ‘कोमिया’ला ‘कोप्रेतेरितो’ म्हटलं: भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेच्या सोबतीने चाललेला काळ. मी पोहे खात होतो, तेवढ्यात फोन आला; यातलं खाणं हे त्या फोनच्या सोबतीला. मेक्सिकोतल्या शाळांत हे नाव आजही चालतं. मला तेच सर्वांत शहाणं वाटतं.

आपल्या व्याकरणात रीतिभूतकाळ आहेच: तो रोज जाई, जात असे. त्यातलं ‘जाई’, ‘करी’ हे मुळात जुन्या मराठीतलं वर्तमानकाळाचं रूप. नंतर ते भूतकाळातल्या सवयीकडे सरकलं. म्हणजे स्पॅनिशने जे वारशात मिळवलं, ते मराठीने घरच्याच सामानातून उभं केलं. बोलताना आता ‘जाई’ कोण म्हणतं म्हणा, सगळे ‘जायचो’च म्हणतात.

पुढच्या शनिवारी त्याच मुलाने पाच ओळी आणल्या. लहानपणी सायकलने फुटाळ्याला जायचो, तलावाकाठी बसायचो, एक दिवस पडलो. ‘ईबा’ बरोबर, ‘मे काई’ (पडलो) हेही बरोबर. लाल पेन लागलं ते फक्त सायकलच्या स्पेलिंगला.