जखमी शिपायाच्या दवाखान्याचा खर्च : थोडी पार्श्वभूमी

खानदेशात कँटोन्मेंट नाही. जळगाव-धुळ्याकडचा जवान जखमी झाला की घरच्यांना देवळाली नाहीतर पुण्याचं कमांड हॉस्पिटल गाठावं लागतं. उपचाराचा खर्च संरक्षण खात्याचा, हे आज सगळे गृहीतच धरतात. पूर्वी तसं नव्हतं.

पहिल्या महायुद्धापर्यंत देशी शिपायांसाठी पलटणीगणिक दवाखाने असत. आजारी शिपायाने खायचं ते आपल्या पगारातून. सरकारी खुराक मिळेल अशी स्टेशन हॉस्पिटलं, म्हणजे छावणीतल्या सगळ्या पलटणींसाठी एकत्र दवाखाने, मंजूर व्हायला १९१८ साल उजाडलं, म्हणजे युद्ध संपत आल्यावर.

१९१४ मध्ये ठरलेली वाटणी अशी : समुद्रापार गेलेल्या हिंदी फौजेवर शांततेत जेवढा खर्च होत असे तेवढा हिंदुस्थानच्या तिजोरीने द्यायचा, वरचा ब्रिटनने. पण मेसोपोटेमियाची (आजच्या इराकची) मोहीम चालवत होतं हिंदुस्थान सरकार, आणि लष्करी खर्चाला कात्री लावायची त्याची सवय जुनी. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईतले जखमी उघड्या तराफ्यांवरून, घाणीत लोळत बसरा बंदराला पोचले. डॉक्टर अपुरे, औषधपाणी अपुरं. ही अवस्था लिहून कळवणाऱ्या मेजर कार्टर या डॉक्टरलाच वरिष्ठांनी अटकेची धमकी दिली! १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, ब्रिटिश मंत्रिमंडळातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. आणि त्याच वर्षी याच हिंदुस्थान सरकारने युद्धखर्चासाठी ब्रिटनला १० कोटी पौंड देऊ केले. दवाखान्यांसाठी पैसा नव्हता असं कसं म्हणायचं?

उरलेली भोकं वर्गणीने बुजवली जात होती. ‘लॉयल्टी’ हे इस्पितळ-जहाज संस्थानिकांच्या पैशातून उभं राहिलं. इंपीरियल इंडियन रिलीफ फंड निघाला, मुंबई इलाख्याचा वेगळा. जिल्ह्यांत असल्या वर्गणीची वाट ठरलेली : कलेक्टर, मामलेदार, मग गावचा पाटील. शेतसारा गोळा करणारी माणसंच दारात आल्यावर पूर्व खानदेश जिल्हा काय नि पश्चिम खानदेश काय, कोणता शेतकरी नाही म्हणणार?

दुसऱ्या युद्धात, १९३९ च्या करारानं, देशाबाहेरच्या लढाईचा बराचसा भार ब्रिटनच्या खात्यावर गेला. ते पैसे मात्र हाती आले नाहीत, लंडनमध्ये येणं म्हणून साचत राहिले.

स्वातंत्र्यानंतरही उपचार सरकारी खर्चानेच होत राहिले. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. वर्गणी तरीही थांबली नाही. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून चालू आहे, चीनच्या युद्धात १९६२ ला राष्ट्रीय संरक्षण निधी निघाला. ध्वजदिन निधीचं उद्दिष्ट आजही जिल्ह्यागणिक ठरवून दिलं जातं, आणि ते गाठायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांचीच असते.